विज्ञानकथेतील गुपित आणि कामाचे ठिकाण : नारळीकरांच्या ‘धूमकेतू’ या कथेचे पुनर्वाचन

प्रस्तावना

मराठी विज्ञानकथेची चर्चा बहुतेक वेळा दोन प्रश्नांभोवती फिरत राहिली आहे. कथेतील विज्ञान कितपत बिनचूक आहे, हा पहिला प्रश्न. आणि विज्ञान बाजूला ठेवले तर कथा म्हणून तिच्यात काय उरते, हा दुसरा. हे दोन्ही प्रश्न रास्त आहेत. परंतु विज्ञानकथा ही प्रामुख्याने काम करणाऱ्या माणसांची कथा असते, याकडे त्यामुळे काहीसे दुर्लक्ष झाले. प्रयोगशाळा, वेधशाळा, संशोधन संस्था, संरक्षण खाते ही तिची घटनास्थळे आहेत, आणि ही सर्व कोणाची तरी कामाची ठिकाणे आहेत. तेथे वरिष्ठ आहेत, कनिष्ठ आहेत, अहवाल आहेत, परवानग्या आहेत. तेथे काही गोष्टी सांगितल्या जातात आणि काही दडवल्या जातात.

कामाच्या ठिकाणची माहिती कोणी, कोणापासून आणि कशासाठी लपवायची, हा प्रश्न विज्ञानकथेने कसा हाताळला आहे, याचा शोध प्रस्तुत लेखात घेतला आहे. त्यासाठी डॉ. जयंत नारळीकर यांची ‘धूमकेतू’ ही कथा मध्यवर्ती मानली असून फ्रेड हॉएल व आयझॅक अ‍ॅसिमॉव्ह यांच्या कथनांशी तिची तुलना केली आहे. याच प्रश्नाला पूर्वीच्या अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्याच्या सार्वजनिक जीवनातून मिळालेले उत्तर त्या चर्चेला जोडून पाहिले आहे. साहित्य आणि कायदा ही दोन वेगळी क्षेत्रे आहेत हे मान्य करूनही, एकाच प्रश्नाकडे ती दोन बाजूंनी कशी पाहतात हे तपासणे उद्बोधक ठरते.

१. टोपणनावाने आलेली कथा

मराठी विज्ञानकथेच्या इतिहासातील एक महत्त्वाची घटना मुळात गोपनीयतेचीच घटना आहे. मराठी विज्ञान परिषदेने १९७४ साली घेतलेल्या विज्ञानरंजन कथास्पर्धेत नारळीकरांनी ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली, ती ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने. जयंत विष्णु नारळीकर या नावाची आद्याक्षरे उलट क्रमाने घेऊन हे नाव बेतले होते. हस्ताक्षरावरूनही ओळख पटू नये म्हणून कथेची प्रत त्यांच्या पत्नी मंगला नारळीकर यांच्या हस्ताक्षरात पाठवण्यात आली. कथेला पहिले पारितोषिक मिळाले आणि त्यानंतर लेखकाचे खरे नाव उघड झाले. पुढे १९७५ च्या कराड येथील साहित्य संमेलनात अध्यक्षा दुर्गा भागवत यांनी या नव्या कथाप्रकाराची दखल घेतली.

हा प्रसंग बहुधा एक रंजक आठवण म्हणून सांगितला जातो. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने मात्र त्यात एक तत्त्व दडलेले आहे. जागतिक कीर्तीच्या खगोलशास्त्रज्ञाचे नाव परीक्षकांसमोर आले असते तर निर्णयावर त्या नावाचे दडपण आले असते. येथे नाव लपवले ते निर्णय निर्मळ व्हावा म्हणून. शिवाय हे गुपित मुदतीचे होते. निर्णय होताच ते संपले. तिसरी गोष्ट अशी की, ज्या वस्तूचे परीक्षण व्हायचे ती वस्तू, म्हणजे कथा, परीक्षकांसमोर पूर्णपणे उघडी होती. झाकलेले होते ते केवळ नाव. नाव झाकलेले आणि कृती उघडी, अशा या गोपनीयतेला सोयीसाठी ‘नावाची गोपनीयता’ म्हणता येईल. याउलट नाव आणि अधिकारपद सर्वांना ठाऊक आहे, परंतु त्या पदावरून घेतलेला निर्णय, त्यामागची कारणे आणि आकडे झाकलेले आहेत, अशा गोपनीयतेला ‘निर्णयाची गोपनीयता’ म्हणावे लागेल. हा भेद पुढील विवेचनाचा पाया आहे.

२. ‘धूमकेतू’ : थांबवलेला निबंध

‘यक्षांची देणगी’ या संग्रहातील ‘धूमकेतू’ या कथेत एक हौशी खगोलनिरीक्षक, दत्तदा, आपल्या दुर्बिणीतून एक नवा धूमकेतू शोधतो. धूमकेतूला त्याचे नाव मिळते, सत्कार होतात. त्याच्या पत्नीला मात्र हा शोध अशुभ वाटतो. इकडे केंब्रिजमधील एका वैज्ञानिकाच्या गणितातून निष्पन्न होते की हा धूमकेतू पृथ्वीवर आदळणार आहे. तो आपला निबंध एका विख्यात नियतकालिकाकडे पाठवतो. संरक्षण खात्याच्या विज्ञान सल्लागाराच्या नजरेस तो पडतो आणि निबंधाचे प्रकाशन थांबवले जाते. लोकांत घबराट पसरू नये, हे त्यामागचे कारण. लंडनमध्ये मोजक्या तज्ज्ञांची गुप्त बैठक होते, दत्तदालाही बोलावणे येते. अणुस्फोटाच्या साहाय्याने धूमकेतूचा मार्ग बदलण्याची योजना आखली जाते. दत्तदा घरी परततो तेव्हा धूमकेतूचे अरिष्ट टळावे म्हणून घरात यज्ञ चाललेला असतो. योजना यशस्वी होते. पण संकट विज्ञानाने टळले की यज्ञाने, याविषयी घरातले मत बदलत नाही.

या कथेचे रूढ वाचन विज्ञान विरुद्ध अंधश्रद्धा असे आहे, आणि कथेचा शेवट त्या वाचनाला पुष्टीही देतो. परंतु गोपनीयतेच्या अंगाने वाचल्यास कथेचे केंद्र सरकते. तेथे तीन कामाची ठिकाणे दिसतात. पहिले वैज्ञानिकाचे अभ्यासदालन, जेथे गणित मांडले जाते. दुसरे नियतकालिकाचे संपादकीय कार्यालय, जेथे निबंधाची छाननी व्हायची असते. तिसरे बैठकीचे सभागृह, जेथे निर्णय होतो. पहिल्या ठिकाणचे ज्ञान दुसऱ्या ठिकाणाहून जगासमोर जायचे, तर ते तिसऱ्या ठिकाणी वळवले जाते. संपादकाने निबंध थांबवला त्या क्षणी संपादकीय कार्यालयाचे स्वरूपच पालटते. छाननीचे ठिकाण आता राखणीचे ठिकाण बनते.

याचा परिणाम केवळ घबराट टाळण्यापुरता मर्यादित राहत नाही. अप्रकाशित गणित इतर गणितज्ञांना तपासता येत नाही. टक्कर होणार हा निष्कर्ष चुकीचा असता तर? कथेत तो बरोबर ठरतो, कारण लेखकाने तसे योजले आहे. परंतु विज्ञानाची रीत अशी की निष्कर्ष बरोबर आहे हे अनेकांच्या तपासणीतून ठरते, एकट्याच्या खात्रीने नव्हे. म्हणजे ज्या गुणामुळे विज्ञान यज्ञाहून वेगळे ठरते, तो खुल्या तपासणीचा गुणच गुप्त बैठकीत स्थगित झालेला आहे.

यज्ञाचा प्रसंगही या प्रकाशात वेगळा दिसू लागतो. धूमकेतूची भीती घरात आहे. बैठकीतील आकडेमोड मात्र घरापर्यंत येत नाही. ज्याला माहिती मिळत नाही तो आपल्याजवळ जे आहे त्याचा आधार घेतो. पत्नीच्या श्रद्धेचे समर्थन करण्याचे कारण नाही, परंतु तिच्या अज्ञानाचा काही वाटा सभागृहाच्या बंद दाराकडे जातो, हे नोंदवले पाहिजे. कथा हा वाटा मोजत नाही. नारळीकरांनी आयुष्यभर विज्ञान लोकांपर्यंत नेण्याचे आणि फलज्योतिषासारख्या समजुती तपासून पाहण्याचे काम केले. विज्ञान प्रसाराच्या अशा अग्रणीच्या कथेत माहिती न देण्याचा निर्णय जवळजवळ निर्विवाद ठरावा, ही या कथेतील सर्वांत लक्षणीय विसंगती आहे.

३. गुरूचा मेघ आणि अ‍ॅसिमॉव्हचा काळ-दर्शक

नारळीकर हे केंब्रिजमध्ये फ्रेड हॉएल यांचे विद्यार्थी. हॉएल यांची ‘द ब्लॅक क्लाउड’ ही कादंबरी १९५७ साली प्रसिद्ध झाली. सूर्याकडे येणारा एक प्रचंड मेघ वैज्ञानिकांना आढळतो. ब्रिटिश सरकार ही बातमी दडपते आणि वैज्ञानिकांना नॉर्टनस्टो नावाच्या एका वाड्यात एकत्र ठेवते. तेथून त्यांना बाहेर पडता येत नाही. ‘धूमकेतू’शी तिचे साम्य उघड आहे : आकाशातले संकट, मोजके जाणकार, दडपलेली बातमी. फरक मात्र अधिक बोलका आहे. हॉएल यांचा नायक किंग्जली राजकारण्यांवर विश्वास ठेवत नाही. कोंडलेले वैज्ञानिक आपल्या दळणवळणाच्या साधनांतून प्रत्यक्ष मेघाशीच संवाद साधतात, आणि महासत्ता मेघावर क्षेपणास्त्रे सोडतात तेव्हा ती बातमी मेघाला कळवतात. क्षेपणास्त्रे उलट फिरतात आणि माणसे मरतात. गुपित राखणारे सरकार आणि गुपित फोडणारा वैज्ञानिक, दोघांच्याही निर्णयाला रक्ताची किंमत आहे. कादंबरीची चौकटसुद्धा उशिराच्या प्रकटीकरणाची आहे. हा सर्व वृत्तान्त एका सहभागी व्यक्तीच्या मरणोत्तर कागदांतून पुढच्या पिढीच्या हाती येतो.

गुरूच्या कादंबरीत असलेला हा ताण शिष्याच्या कथेत निवळला आहे. ‘धूमकेतू’तील अधिकारी सद्‌हेतूचे आहेत आणि योजना यशस्वी होते, म्हणून गुपिताची किंमत वाचकाला जाणवत नाही. यशाने गुपित न्याय्य ठरवायचे, तर अपयशाच्या वेळी तेच गुपित अन्याय्य म्हणावे लागेल. पण गुपित राखण्याचा निर्णय तर परिणाम कळण्यापूर्वीच घ्यावा लागतो.

दुसरी बाजूही तितक्याच गांभीर्याने पाहिली पाहिजे. अ‍ॅसिमॉव्ह यांची ‘द डेड पास्ट’ ही १९५६ ची कथा विद्यापीठाच्या आवारात घडते. भूतकाळ पाहण्याच्या यंत्रावर सरकारचा ताबा आहे आणि इतिहासाच्या एका प्राध्यापकाला संशोधनासाठी परवानगी नाकारली जाते. एका तरुण भौतिकशास्त्रज्ञाच्या मदतीने ते यंत्र गुप्तपणे बनवले जाते. वाचकाची सहानुभूती अर्थातच या दोघांकडे असते. अखेरीस सरकारी अधिकारी कारण सांगतो : भूतकाळ एका क्षणापूर्वीच सुरू होतो, त्यामुळे हे यंत्र हाती असलेला प्रत्येक जण शेजाऱ्याच्या घरात डोकावू शकेल. पण तोपर्यंत यंत्राची कृती जगभर पोचलेली असते. प्रत्येक प्रकटीकरण मुक्तिदायक असते, या समजुतीला ही कथा छेद देते. मात्र तिच्यातही एक फट आहे. अधिकाऱ्याने कारण आधीच सांगितले असते तर त्या दोघांनी यंत्र बनवले असते का? घात यंत्राइतकाच न सांगितलेल्या कारणानेही केला. गोष्ट गुप्त ठेवता येते. ती गुप्त का ठेवली, याचे कारणही गुप्त ठेवले की विश्वासाला जागा उरत नाही.

कारणाचाच धागा वास्तवातील एका प्रसंगात दिसतो. क्लीव्ह कार्टमिल यांची ‘डेडलाइन’ ही कथा मार्च १९४४ मध्ये ‘अस्टाउंडिंग’ या अमेरिकी मासिकात छापली गेली. तिच्यात अणुबाँबचे वर्णन होते. त्या वेळी खऱ्या बाँबचे काम अत्यंत गुप्तपणे सुरू असल्याने तपास अधिकारी संपादक जॉन कॅम्पबेल यांच्या कार्यालयात आले. माहिती प्रसिद्ध शास्त्रीय साहित्यातून घेतली आहे, आणि असे लेखन अचानक बंद केले तर त्या बंदीवरूनच जाणत्याला सुगावा लागेल, असा युक्तिवाद कॅम्पबेल यांनी केला. मौनही बोलते, हे या संपादकाने ओळखले होते. ‘धूमकेतू’तील संपादक मात्र निबंध मुकाट्याने थांबवतो.

४. हजेरीपटापासून कायद्यापर्यंत : नगर जिल्ह्याचे उत्तर

उपरोक्त सर्व कथांत गुपिताचे भागीदार वैज्ञानिक, मंत्री, सल्लागार आणि संपादक आहेत. प्रयोगशाळेतील मदतनीस, टंकलेखक, पहारेकरी यांच्या नजरेतून गुपित कसे दिसते, हा प्रश्न त्यांत मध्यवर्ती होत नाही. कामाच्या ठिकाणाकडे खालून पाहण्याची दृष्टी या प्रांतात साहित्याने नव्हे, तर सार्वजनिक चळवळीने दिली.

अहमदनगर हा अवर्षणप्रवण जिल्हा. महाराष्ट्राचा रोजगार हमी कायदा १९७७ चा. दुष्काळी कामावरील मजुराच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा दस्तऐवज म्हणजे हजेरीपट, ज्याला सर्वत्र ‘मस्टर’ म्हणतात. किती दिवस भरले, किती माप झाले, किती मजुरी निघाली, हे सारे त्यात. मजुराचे नाव त्या कागदावर असते, पण कागद त्याच्या हाती नसतो. येथे ‘धूमकेतू’ची रचना छोट्या प्रमाणावर दिसते : ज्याच्यावर परिणाम व्हायचा त्यालाच आकडे अज्ञात. राजस्थानात मजूर किसान शक्ती संघटनेने १९९० च्या दशकात हजेरीपट व बिले जनसुनावणीत वाचून दाखवण्याचा मार्ग काढला आणि १९९६ साली ब्यावर येथे धरणे धरले.

महाराष्ट्रात या मागणीचे केंद्र पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धी बनले. अण्णा हजारे यांच्या आंदोलनाच्या रेट्यातून राज्याने २००० साली केलेला कायदा अपुरा ठरला. २००२ चा सुधारित कायदा, आणि त्याला राष्ट्रपतींची संमती मिळावी यासाठी ऑगस्ट २००३ मध्ये मुंबईच्या आझाद मैदानावर झालेले उपोषण, असा हा प्रवास आहे. केंद्राचा माहितीचा अधिकार अधिनियम १२ ऑक्टोबर २००५ पासून पूर्णतः अंमलात आला.

या कायद्याची रचना प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने अभ्यसनीय आहे. कलम ४ नुसार कार्यालयाने स्वतःहून माहिती प्रसिद्ध करायची आहे. म्हणजे प्रकटीकरण हा नियम. कलम ८ मध्ये अपवाद आहेत, परंतु सार्वजनिक हित अधिक वजनदार असल्यास अपवादातली माहितीही देता येते. कलम १० अन्वये कागदाचा गोपनीय भाग झाकून उरलेला द्यावा लागतो. नाकारायचे तर कारण लेखी द्यावे लागते. अ‍ॅसिमॉव्हच्या अधिकाऱ्याने जे उशिरा केले ते येथे प्रारंभीच बंधनकारक आहे. कलम २४ नुसार दुसऱ्या अनुसूचीतील संस्थांना हा कायदा लागू नाही. मात्र भ्रष्टाचार व मानवी हक्कभंगाच्या आरोपांसंबंधीची माहिती या सवलतीत येत नाही. संरक्षण संशोधन व विकास संघटना या अनुसूचीत आहे, आणि तिची वाहन संशोधन व विकास आस्थापना नगर येथेच आहे. अशा प्रकारे एकाच जिल्ह्यात रास्त गोपनीयतेचे ठिकाण आणि प्रकटीकरणाच्या मागणीचे ठिकाण नांदते. दोहोंपैकी एकाची निवड करावी लागत नाही. त्यांमधील सीमा कोणी आणि कशी आखायची, एवढाच प्रश्न उरतो.

ही सीमा कायमची आखलेली नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने माहिती अधिकारातील वैयक्तिक माहितीविषयक उपकलम बदलण्याची तरतूद केली आणि त्या उपकलमात असलेली सार्वजनिक हिताची कसोटी वगळली. कलम ८(२) मधील सर्वसाधारण कसोटी उरते. नावाच्या गोपनीयतेसाठी योजलेले आवरण निर्णयाच्या गोपनीयतेवर ओढले जाईल काय, ही शंका यातून निर्माण होते आणि ती निराधार नाही.

५. नाव आणि फाईल

दोन गोपनीयतांची अदलाबदल झाली की काय घडते, याचे सर्वांत दुःखद उदाहरण सत्येंद्र दुबे यांचे आहे. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणातील या अभियंत्याने २००२ साली कामातील गैरव्यवहाराविषयी पंतप्रधान कार्यालयास पत्र लिहिले आणि आपले नाव गुप्त ठेवावे अशी विनंती केली. नाव गुप्त राहिले नाही. २७ नोव्हेंबर २००३ रोजी गया येथे त्यांची हत्या झाली. ज्या तक्रारीची उघड चौकशी व्हायची ती फायलीत राहिली आणि जे नाव झाकायचे ते टेबलाटेबलांवर फिरले. जागल्यांच्या संरक्षणाचा कायदा संसदेने त्यानंतर दशकभराने, २०१४ साली संमत केला.

महाविद्यालयीन अध्यापकांना हा भेद अपरिचित नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली देव दत्त प्रकरणात असा निर्णय दिला की गोपनीय अहवालातील प्रत्येक शेरा, केवळ प्रतिकूल नव्हे, संबंधित कर्मचाऱ्याला कळवला पाहिजे. त्या प्रकरणातील ‘चांगला’ हा शेराच बढतीच्या आड आला होता आणि तो त्या अधिकाऱ्याला माहीत नव्हता. २०११ साली आदित्य बंदोपाध्याय प्रकरणात विद्यार्थ्याला तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क मिळाला. परीक्षकाची ओळख मात्र झाकलेली राहील असेही न्यायालयाने सांगितले. उत्तरपत्रिका उघडी, परीक्षक झाकलेला. १९७४ च्या कथास्पर्धेत कथा उघडी आणि लेखक झाकलेला होता. दोन्ही ठिकाणी तत्त्व एकच आहे. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदाही तक्रारदाराची ओळख प्रसिद्ध करण्यास मनाई करतो, आणि त्याच वेळी वार्षिक अहवालात प्रकरणांची संख्या देण्यास सांगतो.

परीक्षित नियतकालिकांचा व्यवहारही याच पायावर उभा आहे. परीक्षकाचे नाव लेखकाला कळू नये. पण निबंध का नाकारला, याची कारणे त्याला कळली पाहिजेत. नाव गुप्त आणि कारणही गुप्त, अशी पद्धत रूढ झाली तर परीक्षणाचे रूपांतर ‘धूमकेतू’तील संपादकीय कार्यालयात होते : निबंध आत जातो आणि त्याचे पुढे काय झाले हे कोणाला कळत नाही.

निष्कर्ष

प्रस्तुत विवेचनातून पुढील गोष्टी निष्पन्न होतात. एक, ‘धूमकेतू’ ही कथा केवळ विज्ञान आणि अंधश्रद्धा यांच्या संघर्षाची नसून माहितीच्या विषम वाटपाची कथा आहे; अंधश्रद्धेला मिळालेली जागा काही अंशी गोपनीयतेने रिकामी केलेली आहे. दोन, हॉएल आणि अ‍ॅसिमॉव्ह गुपिताची आणि प्रकटीकरणाची किंमत दाखवतात. नारळीकरांची कथा सद्‌हेतू आणि यश यांच्या आधाराने ती किंमत टाळते. हे न्यून दाखवल्याने मराठी विज्ञानकथेला मध्यवर्ती प्रवाहात आणणाऱ्या या लेखकाचे ऋण कमी होत नाही. २० मे २०२५ रोजी नारळीकरांचे निधन झाले. त्यांच्या कथांचे गौरवापलीकडचे वाचन आता सुरू व्हायला हवे, आणि चिकित्सेचा आग्रह धरणाऱ्या लेखकाला तेच साजेसे आहे. तीन, गोपनीयतेचा निर्णय ज्यांच्यावर आदळतो त्या माणसांच्या नजरेतून कामाचे ठिकाण पाहणारी विज्ञानकथा मराठीत अधिक लिहिली जाणे आवश्यक आहे. अवर्षणग्रस्त जिल्ह्यातील हजेरीपटाने जो प्रश्न विचारला, तो उद्याच्या संगणकीकृत हजेरीने आणि यंत्राने केलेल्या मूल्यमापनाने अधिक तीव्र होणार आहे.

चार, नावाची गोपनीयता दुर्बलाला आणि निर्णयाच्या शुद्धतेला राखते, तर निर्णयाची गोपनीयता बहुधा अधिकाराला राखते. कोणत्याही कार्यालयात, प्रयोगशाळेत वा महाविद्यालयात ‘हे गोपनीय आहे’ असे सांगितले जाते तेव्हा कोण झाकले जात आहे, किती काळासाठी आणि कोणत्या कारणाने, हे तीन प्रश्न विचारले पाहिजेत. नारायण विनायक जगताप या नावाने आलेल्या कथेला या तिन्ही प्रश्नांची उत्तरे देता येतात. लंडनच्या त्या बंद सभागृहाकडे मात्र केवळ एकाच प्रश्नाचे उत्तर आहे.